न दिसणाऱ्या रेघा

गणपतीचे डोळे आखावेत तर गोविंदानंच, असं आमच्या पेण भागात लोक म्हणतात. मीही ते कधी नाकारलं नाही. म्हणूनच शहाण्णव सालची ती गोष्ट आठवली की अजून लाज वाटते.

त्या वर्षी मी रामवाडीला हायवेजवळ मूर्तींचं दुकान थाटलं आणि हौसेनं पुढे भिंतभर आरशासारखी काच बसवली. समोरचं आंब्याचं झाड तिच्यात दिसायचं. पाखरांना तेच खरं वाटायचं. बुलबुल, तांबट, एकदा खंड्यासुद्धा वेगात येऊन आपटला. दुकान झाडायला येणारी पुतळी नावाची बाई त्यांना पदरात उचलून झाडाखाली पुरायची आणि माझ्याकडे अशी बघायची, जणू मीच गलोल मारली.

माझी भाची नूतन रोह्याला एका रसायनांच्या कंपनीत, लॅबमध्ये होती. तिथल्या नव्या ऑफिसच्या काचांवरही पाखरं मरत. माणसाला न दिसणारा, जांभळ्याच्या पलीकडचा उजेड पाखरांना दिसतो, असं तिनं वाचलं होतं. एका रविवारी ती बाटली घेऊन आली. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून वापरतात ते रसायन तिनं पारदर्शक व्हार्निशात मिसळलं होतं.

"मामा, हे आपल्याला दिसायचं नाय, पाखरांना दिसंल. काचेच्या बाहेरून चार-चार बोटांवर उभ्या रेघा मारा. कुठं मोकळं सोडू नका, नायतर तिथनंच घुसतील. तुमच्यासारखा हात कुणाचा नाय."

"त्यात काय मोठंसं," मी म्हटलं.

"साहेब बोललेत, इथं महिन्याभरात फरक पडला तर कंपनीच्या सगळ्या काचा करू. नायतर विषय बंद."

गणपती तोंडावर आले होते. जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात दोनशे मूर्ती डोळ्यांविना बसलेल्या. मी शिडी लावली, दाराजवळच्या कोपऱ्यात आठ-दहा रेघा मारल्या आणि मागे सरून पाहिलं. काहीच दिसेना. आमच्या धंद्यात मूर्तीची पाठ भिंतीकडे जाते, म्हणून ती कुणी धड रंगवत नाही. जे दिसत नाही त्यावर कोण जीव टाकणार? मी बाटलीला झाकण लावलं आणि जोह्याची एसटी पकडली.

मेलेल्या प्रत्येक पाखरामागे पुतळी नूतननं महिनाभर आधीच देऊन ठेवलेल्या वहीत एक रेघ ओढायची. आधीच्या महिन्यात अकरा होत्या. या महिन्यात दहा झाल्या.

विसर्जनानंतर नूतन वही न्यायला आली.

"माझंच चुकलं, मामा," ती म्हणाली. "वाचलेलं खोटं असंल, नायतर रसायन कमी पडलं. साहेबांना सांगितलं तर सगळ्यांदेखत हसले. तुमाला मात्र ऐन सीझनात उगाच शिडीवर चढवलं."

खरं सांगायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "असू दे गो, होतं असं," आणि वर मोठ्या मनानं चहा मागवला.

चहा घेऊन तिनं पिशवीतून निळसर नळीचा दिवा काढला. "याच्या उजेडात त्या रेघा चमकतात. पावसानं धुतल्या काय, तेवढं बघते."

"आता काय उपेग?" मी म्हटलं. पण ती बाहेर गेलीसुद्धा. दिवेलागणीची वेळ होती.

दाराजवळच्या कोपऱ्यात रेघा उजळल्या. सरळ, नेमक्या, चार-चार बोटांवर. एकही पुसली नव्हती. नूतन दिवा धरून पुढे गेली. पुढे कोरी काच. ती पार टोकापर्यंत गेली आणि परत आली.

"या कोपऱ्यात एक बी पाखरू नाय गावलं," पुतळी म्हणाली. "सगळी तिकडंच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नूतननं दिवा बंद केला. रागावली असती तर बरं झालं असतं.

"साहेबांना काय सांगू, मामा?"

"सांग, मामानं पाठ रंगवली नाय."

साहेबांनी पुन्हा ऐकून घेतलं नाही. रोह्याच्या काचा तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी अख्खी काच रेघांनी भरली. त्यानंतर माझ्याकडे पाखरू क्वचितच आपटलं. नूतन अजून गणपतीला येते, पाया पडते, चहा घेते. पण तुमचा हात पाहिजे, असं ती मला पुन्हा कधी म्हणाली नाही.