दोन्ही हात बाजूला

माझा पहिला पराक्रम म्हणजे कामाला निघण्याआधी पाणी न पिणं. क्रेनच्या केबिनपर्यंत उभी शिडी, आणि धडपडत खाली उतरलं तरी गोदीत बायकांसाठी संडास नाही. इतिहास घडवणाऱ्या बाईला मुतखडा झाला होता, हे सत्काराच्या एकाही भाषणात येत नाही.

*

केबिनच्या पुढच्या काचेला कडेनं पुट्टी लावलेली होती. त्या पुट्टीत एक अंगठा उमटलेला. जहाज यायला उशीर झाला की मी माझा अंगठा त्यात ठेवून बसायचे. बरोबर मावायचा.

*

बहीण म्हणते, "ही बोलायला लागली की आधी जवळचे कप उचला."

*

गोदीतला नियम. उचल, सोड, डावीकडे घे, या खुणा फक्त नेमलेल्या माणसानं करायच्या. पण दोन्ही हात बाजूला ताठ पसरले की 'थांब'. ही खूण कोणीही करावी. साहेबानं, हमालानं, रस्ता चुकलेल्या पाहुण्यानं. क्रेन तिथल्या तिथे थांबवायची. आणि ज्यानं थांबवली तो अंगठा वर करत नाही तोवर, बाकी कोणी बोंबलून मेलं तरी ओझं हलवायचं नाही.

*

आता गोष्ट.

'विविध क्षेत्रांतल्या पहिल्या महिला' असा कार्यक्रम ठरला. पहिली वैमानिक परदेशात होती, पहिली न्यायाधीश अंथरुणाला खिळलेली, पहिल्या सर्जनबाई ऑपरेशनमध्ये. मी निवृत्त. सरळ बोलायचं तर मी रिकामी होते. म्हणून मंच गोदीत उभा राहिला आणि त्यावर माझ्या चेहऱ्याचा भलाथोरला फलक लागला: 'क्रेनवर चढलेली पहिली महिला'. फोटोत मी इतकी करारी दिसत होते की मलाच माझी भीती वाटली.

त्याच सकाळी माझ्या भाचीची क्रेनची परीक्षा होती. तिला मीच शिकवलेलं. साहेबांनी आधीच बजावलं होतं, ही पास झाली तर हिच्यामागे थांबलेल्या दोघी मुलींची परीक्षा घेऊ, नाहीतर बायकांचं पुढं कधीतरी बघू. 'पुढं कधीतरी' म्हणजे किती, ते मला ठाऊक होतं. मी निवृत्त झाले तेव्हापासून ते चालूच होतं.

उचलायचं ओझं काय? गोदीतला बायकांचा पहिला संडास. तयार खोली, दारासकट. उचलायची, वर्कशॉपच्या बाजूला ठेवायची, झालं. खाली खुणा करायला मुकादम, त्याची पाठ मंचाकडे. मंचावर मी, माझी पाठ क्रेनकडे, कारण फोटोत क्रेन मागे हवी होती.

मुलाखत पुढीलप्रमाणे झाली.

मुलाखत घेणारी मुलगी: क्रेन केवढी होती हो?

मी: केवढी! अशी! (दोन्ही हात बाजूला.)

मागून मुकादम: सोड! खाली सोड! अगं ए!

मुलगी: भीती नाही वाटली?

मी: छे! त्याला छाती लागते. (दोन्ही हात बाजूला.)

मुकादम: सोड की गं बाई!

मुलगी: आणि पुरुष सहकारी?

मी: म्हणायचे, बाई वर गेली की गोठते. मी म्हटलं, या, बघा! (दोन्ही हात बाजूला, बराच वेळ.)

समोरचे सगळे माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होते. काहींची तोंडं उघडी होती. मला वाटलं, भारावले.

टाळ्या पडल्या नाहीत म्हणून मी मागे वळले. संडास हवेत लटकत होता. त्याचं दार उघडत होतं, मिटत होतं.

मुकादम घामाघूम होऊन मंचापाशी आला. "मावशी, तुमची भाची वर जाऊन पुतळा झाली. मी 'सोड' करून करून खांदे निखळवले!"

साहेबांनी कागदावर लिहिलं, 'गोठली'.

परीक्षा फक्त खुणांवर, म्हणून मुकादमाच्या कमरेला बंदच असलेला वॉकीटॉकी मी ओढून चालू केला. "चिमे, हलत का नाहीस गं?"

"तूच 'थांब' म्हणतेयस ना!" वरून आवाज आला. "आणि अंगठा कुठे दाखवलास?"

"मी? मी कधी?"

"हे बघ, आत्ता पुन्हा केलंस."

मी माझ्या हातांकडे पाहिलं. एकात वॉकीटॉकी, दुसरा मोकळा. दोन्ही ताठ, बाजूला.

साहेब म्हणाले, "काय म्हणतेय? घाबरलीय का? राहू दे, चहा घेऊ आणि नंतर बघू."

मला सुटायला जागा होती. मान हलवायची, 'लेकरू आहे हो' म्हणायचं, चहा घ्यायचा. वर फलकावर करारी मी. खाली, उभा जन्म खुणा वाचण्यात घालवूनही स्वतःचे हात न वाचता येणारी मी. कॅमेरा चालू, माइक पदराला टोचलेला.

"साहेब," मी म्हटलं, आणि ते अख्ख्या गोदीत घुमलं, "ओझं तिनं नाही, मी लटकवलंय. मगापासून मीच 'थांब' करतेय. मलाच कळलं नाही. विश्वास नसेल तर चित्रण मागे नेऊन बघा."

मुलीनं मागे नेलं. छोट्या पडद्यावर मी पुनःपुन्हा पंख पसरत होते, उडता न येणाऱ्या कोंबडीसारखी. साहेब आधी खोकले, मग हसले, मग मुकादमाच्या पाठीचाच टेकू घेऊन 'गोठली' खोडलं. वर लिहिलं, 'नियम पाळला'.

"म्हणजे मी उगाच घसा फोडला?" मुकादम म्हणाला.

"उगाच नाही, मुकादम," साहेब म्हणाले. "तुमच्या ओरडण्यालाही बधली नाही, हे त्यामुळे तर कळलं."

मी अंगठा वर केला. संडास असा उतरला की दार वाजलंही नाही.

भाची शिडी उतरून सरळ माझ्याकडे आली. "मावशी, त्या दोघींच्या परीक्षेला येणार असशील तर एक काम कर. बिनबाह्यांचं, पोत्यासारखं काहीतरी घाल, आणि हात आत."

सत्कार उरकला, खांद्यावर शाल पडली. मग मी फोटोवाल्यांना तिथेच सोडून वर्कशॉपकडे निघाले. गोदीतला बायकांचा संडास वापरणारी पहिली महिला, हा मान मी भाचीलाही दिला नाही. त्या दिवशी सकाळपासून मी भरपूर पाणी प्यायले होते.

क्रेनच्या केबिनच्या काचा पुट्टी लावून एका बाईनं बसवल्या होत्या, क्रेन उभी राहिली त्या वर्षी. मी तेव्हा शाळेत होते.