रंग साफ

"भूत कधी गोरं असतं का हो, सरोजिनीताई?" श्रीपादरावांनी कागद माझ्या टेबलावर आपटले. "लोक हसतील. भूत काळं करा आणि पोरगी गोरी. बाकी कथा फर्स्ट क्लास आहे."

ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या आमच्या मराठी मंडळाचे हे सचिव. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना साहित्य कळायला लागलं. गणपतीच्या स्मरणिकेची प्रुफं मी तपासते, वर्षभर वधूवर नोंदणीची वही मी लिहिते आणि अक्कल हे पाजळतात.

कथा अकरावीतल्या यशश्रीची. भयकथा. शुद्धलेखनाच्या नावानं बोंब. 'हडळ' लिहितानाही ड खाली हिंदीसारखं टिंब. पण वाचता वाचता माझा चहा गार झाला. भर दुपारी एक गोरीपान बाई वही घेऊन दारोदार फिरते. घरातल्या मुलीला निरखते आणि वहीत 'रंग साफ' लिहिते. इतकंच. दुसऱ्या दिवशी मुलीला डोळे नसतात, मग नाक नसतं, मग ओठ. चेहरा साफ. आईबाप पेढे वाटतात.

हे 'साफ' आमचं ग्वाल्हेरचं. पुण्याची मंडळी 'गोरी', 'निमगोरी' लिहितात. आम्ही हिंदीच्या शेजारानं 'रंग साफ' म्हणतो. सावळी असेल तिचा 'दबलेला', जणू कोणी तिच्यावर बसलंय. आईबाप समोर बसून पोटच्या पोरीबद्दल खोटं लिहवून घेतात. "दबलेला कशाला? साफच लिहा ना, कोण बघतंय!" मला त्यांची किळस येते. पण एकतीस वर्षं लिहिलं मीच.

आणि कथेतली बाई पान उलटताना बोट जिभेला लावते. तिच्या चष्म्याला काळी दोरी आहे. माझ्याही आहे.

संध्याकाळी यशश्री आली. रंग माझ्यासारखाच. मंडळाच्या बालनाट्यात दर वर्षी राक्षसीण हीच. माझ्या लहानपणी मी असायचे. "मेकअपचा त्रास वाचतो," हे वाक्यसुद्धा पन्नास वर्षांत कोणाला बदलावंसं वाटलेलं नाही.

"ती बाई मीच ना गं?" मी सरळ विचारलं.

"सॉरी, मावशी. दीदीचं नाव लिहवायला आलो होतो ना, तब... तुम्ही तिच्याकडे बघितलं. आई म्हणाली, साफ लिहा. आणि तुम्ही लिहून टाकलं. दीदी घर आके बहुत रोई."

"मग भूत गोरं कशाला? मी कुठे गोरी आहे?"

"तिनं सगळ्यात पहिले स्वतःचंच लिहिलं असेल ना," ती म्हणाली. मग कागद उचलायला लागली. "श्रीपादकाका बदलून टाकणार आहेत. रहने दो मग, छापूच नका."

मी कागदांवर हात ठेवला. "ड खालचं टिंब तेवढं काढीन. बाकी एक अक्षर हलणार नाही."

ती असतानाच प्रुफं छापखान्यात पाठवली. श्रीपादरावांची भीती नव्हती. स्मरणिका छापून आली की ते फक्त स्वतःचा फोटो बघतात.

ती गेल्यावर कपाटातली सगळ्यात जुनी वही काढली. माझी नोंद, वडिलांच्या अक्षरात. शिक्षण, उंची, रंग साफ. ते वाचून इंदूरहून पाहुणे आले, पोहे खाल्ले, मला पाहिलं आणि "नोंदीत काहीतरी चूक झाली वाटतं" म्हणून गेले. असे पाच झाले. सहावे कोणी आलेच नाहीत, आणि वडिलांनी तो शब्द कधी खोडला नाही.

मी खोडला. वर 'सावळा' लिहिलं आणि शाई वाळू दिली. शेजारी माझा फोटो चिकटवलेला होता. लष्कर भागातल्या स्टुडिओवाल्यानं पावडर थापून, दोन दिवे जास्तीचे लावून काढलेला. इतक्या वर्षांत तो पार उडाला होता. वेणी दिसत होती, साडीचा काठ दिसत होता. चेहरा साफ होता.