टाकीतला गाळ

ज्या बियांना जनावरही तोंड लावत नाही, त्यांच्या तेलावर बस पळवून दाखवायची, या एका वेडापायी चिमीने आयुष्याची अकरा वर्षं घातली. चाळिशी उलटली, प्रयोगशाळेत सगळे मॅडम म्हणू लागले, तरी थोरल्या भावाला ती चिमीच. हा भाऊ बस डेपोत हेड मिस्त्री. त्याच्याच डेपोतल्या सहा जुन्या बस महिनाभर चिमीच्या तेलावर चालवायच्या ठरल्या, तेव्हा त्याची छाती अशी फुगली, जणू तेल त्यानेच गाळलं होतं.

"दादा, एक लक्षात ठेव," चिमी त्याच्या पान्यांच्या पेटीवर बसून म्हणाली. "माझं तेल टाकी धुऊन काढतं. वीस वर्षांचा डिझेलचा गाळ सुटणार आणि फिल्टरमध्ये अडकणार. पहिले पंधरा दिवस एक दिवसाआड फिल्टर बदल. मग बघायलाही नको."

"मला शिकवतेस? तू फ्रॉकमध्ये होतीस तेव्हापासून फिल्टर बदलतोय मी."

बदललेही त्याने. दोनदा. मग स्टोअरमधले फिल्टर संपले. नवे मागवायचे तर मॅनेजरची सही हवी, आणि मॅनेजरपुढे मागायला उभं राहणं मिस्त्रीच्या जिवावर यायचं. आज जाऊ, उद्या जाऊ करत आठवडा गेला. अकराव्या दिवशी पहिली बस चढावर भरल्या प्रवाशांनिशी बंद पडली. संध्याकाळपर्यंत आणखी तीन.

चौकशीला बाहेरून एक वयस्कर इंजिनिअर आले. माणूस मऊ बोलणारा. मॅनेजर बाजूला मोबाइल बघत बसला होता. चिमीच्या चेहऱ्यावर काळजीचा लवलेश नव्हता. बोलणार होता तो तिचा दादा होता ना!

"फिल्टर कशाने तुंबले?"

"तेलातच घाण होती, साहेब," मिस्त्री म्हणाला.

"टाकीतला जुना गाळ असेल का? फिल्टर वेळेवर बदलले होते?" साहेबांनी आपण होऊन कबुलीचं दार उघडून दिलं.

"बदलले होते. टाक्या स्वच्छ होत्या."

चिमी ताडकन उठली. गाळ, फिल्टर, पंधरा दिवस, सगळं भडाभडा बोलली. साहेब हळहळले. "मॅडम, हे तुमच्या सख्ख्या भावाचं म्हणणं आहे. तो तुमच्या वाईटावर कशाला असेल?"

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी. त्याच दुपारी चाचणी बंद झाली आणि तेलाची पिंपं ट्रकमध्ये चढली. पुन्हा कुणी तिला बस देणार नव्हतं, हे बहीणभावंडांना दोघांनाही ठाऊक होतं.

डेपोच्या अंगणात चिमीने दादाला गाठलं. आवाज चढवला नाही.

"दादा, मॅनेजरने दम दिला होता का रे? नोकरी घालवीन म्हणाला?"

ती विचारत नव्हती, विनवत होती. त्याने नुसती मान हलवली असती तरी तिने सगळं पोटात घातलं असतं. मान हलवायची फार इच्छा झाली त्याला. पण दिवसभरात खोटं बोलून त्याचं तोंड कडू झालं होतं.

"नाही गं. मला कुणी काहीच म्हणालं नाही. माझंच राहून गेलं."

चिमी पर्स खांद्याला लावून म्हणाली, "येते, मिस्त्री."