तीनशे तास मुरलेली वायर

मी वायर बोलतेय. भिंतीतल्या प्लगपासून गाणी वाजवणाऱ्या अॅम्प्लिफायरपर्यंत वीज नेणारी, चार हात लांब आणि मनगटाएवढी जाड वायर. माझं काम वाहण्याचं, बोलण्याचं नाही. पण माझ्या नावावर लोकांनी इतकं बोलून ठेवलंय, की एकदा तरी कोणी मलाच विचारायला हवं होतं.

माझा जन्म एका लांबट, पत्र्याच्या कारखान्यात झाला. साध्या काळ्या वायरी ज्या तांब्याच्या गुंडाळीतून निघाल्या, त्याच गुंडाळीतून मीही निघाले. पुढच्या टेबलावर आमचं नशीब वेगळं झालं. तिथल्या बाईने माझ्यावर जांभळी जाळी चढवली, दोन्ही टोकांना सोनेरी मुलामा दिलेले प्लग बसवले आणि मला मखमलीच्या पेटीत निजवलं.

"हिचं लग्न थाटात होणार गं," ती शेजारणीला म्हणाली.

"आतून हिच्यात नि त्या काळीत फरक काय?"

"पेटीचा."

दोघी हसल्या. माझ्याबद्दल इतकं खरं पुढे कोणीच बोललं नाही.

पेटीतून मी एका दुकानात आले. दुकानाच्या मागे एक बंद खोली होती. भिंतींना जाड कापड, मधोमध एकच आरामखुर्ची. गिऱ्हाईक त्या खुर्चीत बसलं, की दुकानदार आधी काळ्या वायरीवर गाणं वाजवायचा. मग मला जोडून तेच गाणं पुन्हा. आणि दुसऱ्या वेळी त्याचा अंगठा आवाजाचं बटण तसूभर पुढे सरकवायचा. मी मागच्या बाजूला असल्यामुळे मला अंगठा दिसत नसे, पण माझ्यातून जास्त वीज ओढली जाई, ती मला कळायची. माणसाला जरा मोठा आवाज नेहमी जास्त चांगला वाटतो. दुकानदाराची सगळी विद्या एवढीच.

त्या खुर्चीत एके दिवशी 'कानसेन' येऊन बसले. हे नाव त्यांना गल्लीने दिलेलं. तीस वर्षं शाळांचे, सभागृहांचे, हॉटेलांचे पियानो ते सुरात लावत आले होते. दोन तारा एकदम वाजवायच्या, त्यांच्यामध्ये जो थरथराट उठतो तो ऐकत किल्ली फिरवायची, थरथराट मावळला की तार लागली. डोळे मिटून, नुसत्या कानांवर चाललेलं काम.

"घरी गाणं पाण्याखालून आल्यासारखं येतंय," ते म्हणाले. "वरचे सूर तर कोणी पुसून टाकल्यासारखे."

"मास्तर, तुमच्या कानाला कोण नाव ठेवणार? दोष विजेचा. वीजच गढूळ झालीय हल्ली."

कानसेनांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला, की मला पेटीतही ऐकू आला. त्यांना नेमकं हेच ऐकायचं होतं. मग गाणं दोनदा वाजलं, बटण तसूभर सरकलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मात्र घाई नका करू," दुकानदार मला गुंडाळताना म्हणाला. "नवी वायर मुरावी लागते. तीनशे तास चालू द्या, मग आवाज उघडतो. मधेमधे बिघडल्यासारखाही वाटेल, तिकडे लक्ष देऊ नका."

किती सोयीचं वाक्य! चांगलं वाटलं तर श्रेय वायरीला, वाईट वाटलं तर ती मुरतेय.

घरी त्यांची लेक होती. विजेचे मीटर तपासायची तिची नोकरी, त्यामुळे आम्हा तारांना ती चांगलीच ओळखून होती. तिने मला हातात घेऊन वजन पाहिलं.

"बाबा, वीजघरापासून आपल्या भिंतीपर्यंत वीज साध्या तारांवरून येते. शेवटचे चार हात ही महाराणी तिला काय आंघोळ घालते?"

"तुला मीटर कळतो गं, सूर नाही कळत."

"बरं, नाही कळत. मग कान दाखवून येऊ या एकदा? मी डॉक्टरांकडे नंबर लावते."

कानसेनांनी मला तिच्या हातातून काढून घेतलं. ज्याची भाकरी कानावर, त्याच्या कानाला शंका शिवली तर त्याचं काय उरतं? "तीनशे तास होऊ देत," ते म्हणाले. "मग बघू."

रोज चार तास. भिंतीवर एक कागद चिकटवून ते दर तासाला एक रेघ ओढत. एखाद्या सकाळी गाणं खरंच जरा स्वच्छ ऐकू यायचं. मग ते स्वयंपाकघराकडे बघून ओरडत, "उघडतोय! उघडतोय गं आवाज!" दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा पाण्याखाली. आजारालाच तशी भरती-ओहोटी होती, हे फार नंतर कळलं. तोवर भरती माझी होती आणि ओहोटी विजेची.

मी ओरडून सांगायला हवं होतं: अहो, मी पहिल्या तासाला जशी होते तशीच आजही आहे, माझ्यात काही मुरत नाही, मुरतंय ते तुमच्या कानात! पण मी फक्त वीज वाहिली. इमानाने, रोज चार तास.

एकशे नव्वदाव्या की दोनशेव्या रेघेच्या सुमारास संगीत शाळेच्या बाई घरी आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"मास्तर, राग मानू नका. पियानोच्या वरच्या सुरांना मुलं हसतायत."

"हवा दमट आहे, बाई. तारा उतरतात."

"उतरल्या नाहीत, मास्तर. चढल्यात."

"काय म्हणालात?"

बाईंनी मोठ्याने तेच पुन्हा सांगितलं. सांगताना त्यांचे डोळे भरले होते. जाताना दारात त्या लेकीला म्हणाल्या, "पुढच्या खेपेला दुसऱ्या कोणाला तरी..." आणि चप्पल घालून निघून गेल्या.

त्या रविवारी दुपारी लेकीने परीक्षा मांडली. अॅम्प्लिफायर ठेवलेल्या कपाटाची मागची बाजू चादरीने झाकली, आवाजाच्या बटणावर चिकटपट्टी लावली. नाणं उडवायचं, छापा पडला तर मी, काटा पडला तर घरातली जुनी काळी वायर. असं दहा वेळा. बाबांनी नुसतं ऐकून सांगायचं.

"हरलीस तर?" कानसेन म्हणाले.

"हरले तर आणखी एक जांभळी आणून देईन. तुम्ही हरलात तर उद्या डॉक्टर."

"लाव. तुझ्या बापाचे कान आहेत."

पाचव्या खेपेला काळी लागली होती. कानसेन खुर्चीत पुढे झुकले. "जांभळी! शंभर टक्के जांभळी. ऐक, डावीकडचं व्हायोलिन कसं सुटं झालंय. जरा कान दे, बये!"

लेकीची नजर डाव्या स्पीकरकडे गेली. कपाट मागेपुढे ओढताना डाव्या स्पीकरची तार निसटली होती. केव्हा, ते तिलाही कळलं नव्हतं. तिने त्या स्पीकरवर तळहात ठेवला. तो दगडासारखा गप्प होता.

"कोणतं व्हायोलिन, बाबा?"

"हे काय, डावीकडचं!"

तिने त्यांचा हात धरला आणि स्पीकरच्या पडद्यावर टेकवला. मग उजव्या स्पीकरवर. उजवा थरथरत होता. कानसेनांनी हात परत डावीकडे नेला, बराच वेळ तिथेच ठेवला. ते व्हायोलिन त्यांना तीस वर्षांपासून पाठ होतं. तेच ते आतल्या आत ऐकत होते.

पाचांपैकी दोनच उत्तरं बरोबर आली होती. माझा निकाल लागला होता, पण त्या खोलीत आता माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

दवाखान्यात काय झालं ते मी लेकीच्या तोंडून ऐकलं. ती फोनवर आत्याला सांगत होती. "आतल्या कानाला सूज आहे, दोन्ही बाजूंनी. शरीर स्वतःच्याच कानावर उठलंय म्हणे. पहिल्या काही आठवड्यांत आला असतात, तर गोळ्यांनी बरंचसं वाचलं असतं, म्हणाले. उशीर का केला विचारलं, तर बाबा म्हणाले, वायर मुरत होती." ती थांबली. "नाही आत्या, डॉक्टर हसले नाहीत."

गोळ्या दिल्या. तोंड सुजलं, झोप उडाली, कान उतरतच गेले. कानाला यंत्र लावून पाहिलं, त्यातून नुसता खरखराट. चार महिन्यांत उरलंसुरलं गेलं. त्यांनी किल्ल्यांची पिशवी संगीत शाळेत नेऊन दिली.

वाचकांनो, माझा रंग आवडला तर मला खुशाल घ्या. पण आधी डोळे बांधा, बटणाला पट्टी लावा आणि मग ऐका. घरात कोणी म्हणालं, "आवाज नीट येत नाही," तर भिंतीतल्या प्लगकडे बघत बसू नका. त्या माणसाकडे बघा, आजच बघा. तुम्ही ऐकाल असं मात्र मला वाटत नाही. त्या बंद खोलीत आत्ता या क्षणी माझी कोणती तरी बहीण जोडली जात असेल आणि कोणाचा तरी चेहरा उजळत असेल.

गाण्याचं यंत्र केव्हाच घराबाहेर गेलं. माझं टोक लेकीच्या कॉम्प्युटरला बसलं, म्हणून मी राहिले. आता तिला काही सांगायचं असलं, की ती पडद्यावर टाइप करते आणि कानसेन वाचतात. आधी ते उत्तर तोंडाने देत. हल्ली तेही टाइप करतात.

परवा त्यांनी दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत लिहिलं: "खरं सांग. माझं बोलणं बेसूर झालंय का?"

झालंय. वाक्याच्या मध्येच त्यांचा आवाज चढतो, चिरकतो, शेजारची मुलं खिडकीपाशी थांबून नक्कल करतात.

नाणं उडवून, पट्टी लावून खरं शोधणाऱ्या त्या पोरीने पडद्याकडे पाहिलं आणि लिहिलं: "अजिबात नाही, बाबा."

ती अक्षरं उजळायला वीज मीच पुरवली.