न उचललेला डबा

मूठभर तांदूळ देवाच्या नावानं बाजूला काढल्याशिवाय त्या डोंगरमाथ्यावरच्या गावात एकाही घरी भात शिजत नसे. चुलीशेजारच्या डब्यात ती मूठ पडली की मगच बाकीचे तांदूळ धुवायचे. शनिवारी बियाकीआजी वेताची टोपली पाठीला लावून, तिचा पट्टा कपाळावर घेऊन घरोघर फिरे आणि सगळ्यांचे डबे रिकामे करून तांदूळ चर्चमधल्या पोत्यात नेऊन ओती. पोतं भरलं की सुमोच्या टपावर चढून खाली नदीकाठच्या मिशनच्या दवाखान्यात जाई. तिथल्या गरीब रोग्यांचं जेवण त्यावर चाले.

नवरा गेल्यापासून आजीनं हे काम अंगावर घेतलं होतं. गावात आपल्याला जो मान आहे तो ह्या टोपलीमुळे, असं तिला मनापासून वाटे. नुसता तांदूळ पाहून ती घर ओळखी. ‘तुझा हात आखडलाय हल्ली,’ असं एखादीला तोंडावर सांगायलाही ती कमी करत नसे. बायका तिला जरा वचकूनच असत.

पण आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता, आणि तिनं कुणाला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. वाट पायांना पाठ होती. घरातून बायका हाक मारत, त्या आवाजाच्या रोखानं ती टोपली पुढे करी. सून मपुईला संशय होता. पण काही अडखळलं की ‘धुकं किती पडलंय’ म्हणायची सोय होती, आणि त्या गावात धुक्याला तोटा नव्हता. लोकांना कळलं तर टोपली जाईल, ह्या भीतीनं म्हातारीची झोप उडाली होती.

एका रविवारी चर्च सुटल्यावर थांगपुई तिच्या घरी आली. ही गावाच्या खालच्या टोकाला राहणारी विधवा. उतारावरच्या शेतात लाल तांदूळ पिकवी. गावात दुसरं कुणी तो लावत नसे. मागं तिला टीबी झाला तेव्हा त्याच मिशनच्या दवाखान्यात कित्येक महिने राहून ती बरी झाली होती. मपुईनं चहाचा कप दिला, तो हातात धरून ती उभीच राहिली.

“आजी, एक विचारू? रागावू नका.”

“रागवायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवते. बस आधी.”

“माझ्या तांदळात काय वाईट आहे?”

“कुणी म्हटलं वाईट आहे?”

“म्हटलं नाही कुणी. मी शेतावर जाताना डबा पायरीवर ठेवून जाते. गेल्या शनिवारी तो भरलेलाच होता. काल पण भरलेलाच. वरच्या घरचा नेलात, माझ्या शेजारणीचा नेलात.” थांगपुईनं कप खाली ठेवला. “टीबी माझ्या छातीत होता आजी, तांदळात नव्हता.”

बियाकीआजीला डबा दिसलाच नव्हता. त्या घरी हाक मारायला कुणी नव्हतं, म्हणून ती सरळ पुढे गेली होती. आता खरं सांगावं तर टोपली जाते, आणि न सांगावं तर ही बाई जन्मभर समजणार की आजीला माझी किळस आली. मपुई चुलीतलं लाकूड उगाचच सारत राहिली.

“मला तुझा डबा दिसला नाही गं,” आजी अखेर म्हणाली.

“पायरीवर तर होता.”

“पायरीपण नाही दिसली. तू आत्ता समोर उभी आहेस ना, मला फक्त तुझा आवाज कळतोय.”

थांगपुई खाली बसली. मपुई म्हणाली, “मी किती दिवस म्हणतेय, खाली जाऊन ऑपरेशन करून घ्या. पैसेसुद्धा घेत नाहीत.”

“म्हणून तर नको,” आजी फणकारली. “मी तिथं तांदूळ पाठवणारी. तिथल्याच पंगतीत जाऊन बसू? देवाला दिलेलं परत खाऊ?”

“मी खाल्लंय,” थांगपुई हळूच म्हणाली. “पुष्कळ दिवस खाल्लंय. मग मी कोण झाले, आजी?”

इतकी वर्षं आपण देत होतो, आणि घेणारी माणसं आपल्याहून कुठंतरी खाली बसलेली आहेत असं धरून चाललो होतो, हे आजीला त्या क्षणी कळलं आणि तिची मान खाली गेली.

“तुम्ही ऑपरेशन करून येईपर्यंत टोपली मी फिरवते,” थांगपुई म्हणाली.

“तुझ्या हातात देतील लोक?” आजी बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

“तुम्ही सांगितलंत तर देतील.”

पुढच्या शनिवारी गावानं पाहिलं ते असं: टोपली थांगपुईच्या पाठीवर, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून मागून बियाकीआजी. प्रत्येक दारात आजी तेच सांगे. “डोळे गेलेत माझे. ते येईपर्यंत हिला द्या. आणि हात आखडू नका, ही माझ्यापेक्षा नीट बघते.” एकदोघी कुजबुजल्या, पण टोपली भरली. शेवटी थांगपुईनं स्वतःचा डबा आजीच्या हातात दिला, आणि आजीनं तो आपल्या हातानं टोपलीत ओतला.

त्याच पोत्याबरोबर, त्याच सुमोतून आजी खाली दवाखान्यात गेली.

ऑपरेशननंतर एका डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ होती. समोर भाताचं ताट आलं. शेजारच्या खाटेवरची बाई कुरकुरत होती, “हा असला भात. एक शीत मऊ, एक कच्चं. कुठल्या कुठल्या घरचे तांदूळ एकत्र करतात कुणास ठाऊक.”

आजी ताटावर वाकली. पांढऱ्या भातात लाल शितं होती. थोडीच, पण लख्ख दिसत होती. त्यातलं एक तिनं चिमटीत धरून डोळ्याजवळ नेलं. हेच तांदूळ आपण दोनदा दारात सोडून आलो होतो, ह्याची तिला लाज वाटली. ती लाज गिळायचा प्रयत्न न करता ती तशीच जेवली.

ताट रिकामं झालं. वाढणारी मुलगी पुढे निघाली होती, तिला आजीनं थांबवलं.

“अजून थोडा वाढ गं,” ती म्हणाली, आणि ताट दोन्ही हातांनी पुढे केलं.