खारपाणातला भात

महाराष्ट्र राज्य होऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील, तेव्हा इंद्रभानने पुंजाजीमामाच्या खारवट वावरात भात लावला. वडनेर भोलजीच्या उत्तरेला, पूर्णेच्या अंगाला उतरत गेलेल्या त्या पट्ट्यात विहिरीचं पाणी जिभेला लागलं तरी तोंड वाकडं व्हायचं. ज्वारी-कपाशी पिकायची ती वरच्या पावसावर. भात तिथे कुणी बापजन्मात पाहिला नव्हता. लोक बांधावर येऊन हसून जायचे.

इंद्रभान मामाच्याच घरी वाढलेला. आई गेली तेव्हा तो रांगत होता. रुखमामामीने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. पुढे तो शेतकी कॉलेजात शिकला आणि तिथल्याच प्रयोगशाळेत कामाला लागला. प्रमुख रंगरावसाहेब भाताच्या रोपातली प्रथिनं तपासत. मुळं कुटून रस काढायचा, काचेच्या नळीतल्या जेलीसारख्या पारदर्शक थरावर घालून त्यातून वीज सोडायची. मग निळा रंग दिला की एकेक प्रथिन आपापल्या जागी पट्ट्यासारखं उमटे. खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या रोपात एखादं वेगळं प्रथिन असतं का, हे इंद्रभानला शोधायचं होतं.

भाद्रपदात पावसाने दडी मारली. विहिरीचं खारं पाणी दिलेला भात बघता बघता करपला, त्याच्या काड्या झाल्या. वाटेकडच्या कोपऱ्यातली तेवढी रोपं हिरवी राहिली. इंद्रभानने त्यांची मुळं नांदुऱ्याहून आणलेल्या बर्फात घातली आणि मिळेल त्या गाडीने प्रयोगशाळा गाठली. पट्टे उमटले. त्यात एक असा होता, जो गोड्या जमिनीतल्या भातात कधी दिसला नव्हता. रंगरावसाहेबांनी नळी उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिली आणि परिषदेसाठी निबंध लिहायला घेतला. मामाने तर गावोगाव सांगून टाकलं, भाच्यानं खारपाणातला भात काढला, येत्या मृगाला बियाणं देणार.

दिवाळीला इंद्रभान घरी आला तेव्हा आसपासच्या गावांतले शेतकरी अंगणात बसले होते. मामा हसून हसून त्यांना चहा पाजत होता. इंद्रभान आत चुलीपाशी मामीजवळ टेकला आणि सहज बोलून गेला की सगळं वावर जळालं आणि तेवढा कोपराच कसा वाचला, याचं नवल वाटतं.

“वाचीन नाही तं काय,” मामी म्हणाली. “गोडं पाणी पाजलं म्या त्याले.”

इंद्रभानने कप खाली ठेवला. त्याने हळूहळू विचारून घेतलं. गावाबाहेरच्या गोड्या विहिरीवरून मामी घरच्या पिण्याचं पाणी डोक्यावर आणायची. त्यातलीच एक घागर रोज वावरात नेऊन ती कोपऱ्यात ओतत होती.

“तुह्यी सारी मेहनत मातीत चालली होती. मले पाह्यवलं नाही. पाणी तेवढ्याच रोपाईले पुरे.” मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिने विचारलं, “काऊन, चुकलं काय माह्यं?”

“नाही मामी,” तो म्हणाला.

बाहेर मामाचा आवाज चढत होता. गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. पण ती माणसं त्याच्या शब्दावर खाऱ्या वावरात भात पेरणार होती, आणि त्यांचा अख्खा हंगाम जाणार होता. तो अंगणात गेला आणि म्हणाला की बियाणं मिळायचं नाही. तो भात गोड्या पाण्यावर तगला होता, ते पाणी आपणच घातलं होतं.

मामी दारात येऊन उभी राहिली. “त्यानं नाही, म्या टाकलं,” ती म्हणाली.

लोक एकेक करून उठले. मामाही उठून वावराकडे निघून गेला, आणि पुढे कितीतरी दिवस तो मामीशी बोलला नाही.

प्रयोगशाळेत परतल्यावर इंद्रभानने सांगितलेलं सगळं रंगरावसाहेबांनी ऐकून घेतलं. पट्टा तर खरा आहे ना, असं त्यांनी विचारलं.

“खरा आहे साहेब. पण तो कशाचा आहे, ते आपल्याला माहीत नाही.”

साहेबांनी निबंध मागे घेतला. इंद्रभानला आणखी एक हंगाम दिला, पण नाराजीनेच.

पुढच्या वर्षी त्याने तिथेच भात लावला. पाण्याला हात लावू नको, असं मामीला बजावलं. पाऊस उघडला, विहिरीचं पाणी सोडलं, रोपांचे शेंडे पिवळे पडले. मामी रोज बांधावर येऊन उभी राही.

“पाणी मागून राह्यला रे तो.”

“हाव मामी. पण देऊ नको.”

या वेळी त्याने काही रोपं पुरती वाळायच्या आधीच उपटून प्रयोगशाळेत नेली. तोच पट्टा सगळ्यांत निघाला, आणि मरायला टेकलेल्या रोपांत तर जास्तच गडद. म्हणजे ते प्रथिन रोपाला वाचवत नव्हतं. मिठाचा त्रास सुरू झाला की रोप ते बनवत होतं, इतकंच. शेवटी वावरात एकही रोप उरलं नाही.

ही गोष्ट त्याने आधी मामीला सांगितली. ती गहू निवडत बसली होती.

“मरतानी बनोते ते? कायले?”

“अजून नाही माहीत.”

मामीने सूप बाजूला ठेवलं.

“पुढच्या साली लावशीन,” ती म्हणाली, “तं मले बांधावर येऊ देऊ नको. मरतानी पाह्यवत नाही मले.”

इंद्रभानने होकारार्थी मान हलवली.