निळा पापा

आजीच्या जावयात तसं नाव ठेवायला काही नव्हतं. फक्त तो छपरांचे जुने सिमेंटचे पत्रे कोरडेच कापायचा आणि त्याच शर्टात दुपारी जेवायला घरी यायचा. त्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ छातीत घर करते, हे आजीने नाना परीने सांगून पाहिलं. आजोबा तर समोरच होते. जन्मभर बॉयलरच्या पाइपांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळलेला माणूस आता चपला घालतानाही धापा टाकायचा. जावई मान डोलवायचा, धूळ दिसते कुठे म्हणायचा आणि धावत आलेल्या नातीला उचलून घ्यायचा. आजी मनात म्हणायची, चार वर्षांची पोर, तिची छाती ती केवढी!

एका दुपारी जावई जेवून घोरायला लागला. आजीने त्याचा गडद निळा शर्ट खुंटीवरून काढला, ओल्या फडक्याने पुसला, सुकल्यावर त्यावर कपड्यांच्या निळीची पूड चोळली आणि साळसूदपणे परत टांगला. आजोबा बघत होते, पण त्यांनी काही विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ते तेवढं शिकले होते.

जावई उठला, शर्ट अडकवून निघाला. नुकतंच तोंड धुतलेल्या नातीने त्याला मिठी मारून पापा घेतला. लेकीने त्याची कॉलर सरळ केली आणि त्याच हाताने स्वतःचा घाम पुसला. बघता बघता नातीचं नाक निळं, लेकीचं कपाळ निळं आणि जावयाच्या गालावर एवढासा निळा पापा.

आजोबांना हसू आवरेना. हसता हसता खोकला लागला आणि तो काही केल्या थांबेना. जावयानेच धावत पाणी आणलं.

"आमची धूळ निळी नव्हती, जावईबापू," दम खात आजोबा म्हणाले. "म्हणून तर तीस वर्षं कुणाला दिसली नाही."

जावई नातीच्या नाकाकडे बघत राहिला.

संध्याकाळी तो कामाचे कपडे कामावरच ठेवून, अंघोळ करून आला. उद्यापासून पत्रे भिजवून, तोंडाला मास्क बांधूनच हात लावायचा, असं कामावरच्या टोळीने ठरवलं होतं. आजीचा ऊर भरून आला. मग तिचं लक्ष गेलं.

"अहो, गाल तेवढा धुवायचा राहिला."

"राहू द्या, आई," जावई नातीला उचलत म्हणाला. "जो तो विचारतो, मग मला सांगता येतं. टोळीतले दोघं आज रजेवर होते, त्यांना उद्या सांगायचंय."